रेट कुणी फोडला?

आमच्या गल्लीत फायबरवाल्यांनी चर खणला आणि मातीतून एक पांढरं, जाडजूड, चिनी मातीचं भांडं निघालं. उपडं ठेवलं तर घंटा, उताणं धरलं तर पेला. आत आटे पाडलेले. पोरांनी ते नळाखाली धुतलं आणि ‘पेशवाईतला पेला’ म्हणून जाहीर करून टाकलं. विंचूर शेजारीच असल्यामुळे लासलगावात सापडलेली कुठलीही जुनी वस्तू आधी विंचूरकर सरदारांच्या नावावर जमा होते, मग बाकीचा तपास.

“सरदारांना बूड नसलेला पेला कशाला लागतोय गं?” कुंपणापलीकडून आक्का म्हणाल्या. “तो इन्शुलेटर आहे, टेलिफोनच्या खांबावरचा. आण बरं इकडं.”

आमचं नि आक्कांचं कुंपण म्हणजे चार दगडी खांब आणि तीन पदरी तार. त्या तारेवर दोन्ही घरांचे टॉवेल वाळतात आणि दोन्ही घरांच्या बातम्या ओल्या राहतात. आक्का निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जिल्ह्यातल्या लहानमोठ्या एक्स्चेंजांत त्यांची नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं ट्रंकच्या बोर्डावर. त्यांनी इन्शुलेटर पदरानं पुसला, आतल्या आट्यांवरून बोट फिरवलं. “चिनी माती विजेला वाट देत नाही. म्हणून तार हिच्यावर बांधायची. नाहीतर पावसाळ्यात ओल्या खांबातनं तुमचं बोलणं जमिनीत जिरायचं.”

तेवढ्यात उजव्या हाताच्या घरातून कुणीतरी मुद्दाम खाकरलं. नाना. नाना एका अडतीवर मुनीम होते. सगळी हयात खळ्यावर, कांद्याच्या फोलपटांत आणि खातेवहीत गेली.

“जमिनीत जिरलं असतं तर बरं झालं असतं,” नाना म्हणाले. “आमच्या शेठचं बोलणं जमिनीत नाही जिरलं. बोर्डावर जिरलं.”

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे आज पुन्हा तेच. आमच्या गल्लीत हा वाद पंचेचाळीस वर्षं चालू आहे. झालं होतं असं, की एका उन्हाळ्यात नानांनी शेठच्या सांगण्यावरून मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिकडच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, भाव चढतोय, मिळेल तेवढा माल उचला. सकाळी लिलावात गुपचूप बोली लावायची असं ठरलं. सकाळी बाजार समितीत जाऊन बघतात तो निम्म्या व्यापाऱ्यांना भाव ठाऊक! पहिल्या वक्कलापासून बोली आभाळात. तेव्हापासून नानांचा एकच सवाल : रेट कुणी फोडला? आणि संशय एकाच जागी : बोर्डावरच्या बाई.

“नाना,” आक्का म्हणाल्या, “आज तुम्हाला सगळंच सांगते. तुमचा एक कॉल इथून मुंबईला जायचा म्हणजे किती हातांतनं जायचा ते ऐका. मग कुणाचं नाव घ्यायचं ते घ्या.”

मी निवडायच्या कांद्याचं टोपलं कुंपणापाशी ओढलं. आमच्या सासूबाई मागे कांद्याच्या चाळीच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, असं त्या सांगतात.

“पहिली गोष्ट,” आक्का म्हणाल्या, “बेलसाहेबानं टेलिफोन काढला, पण त्याला घंटीच नव्हती.”

“बेलच्या फोनला बेल नाही?” आमचे चिरंजीव.

“नाही. 1877 च्या सुमाराला पलीकडच्याला बोलवायचं तर तोंड लावून ओरडायचं, नाहीतर फोनच्या आतल्या पडद्यावर टकटक करायची. बेलचा जोडीदार वॉटसन. त्यानं पडद्यावर आपटायला एक लहानशी हातोडी बसवली. मग हातानं फिरवायचं जनित्र आणि घंटी आली. म्हणजे बोलायचं यंत्र आधी, बोलवायचं नंतर. आणि पुढची शंभर वर्षं टेलिफोनवाल्यांची खरी डोकेदुखी बोलण्याची नव्हतीच. बोलवण्याची होती. हाक कशी मारायची, कुणाला मारायची, ती पोचली का, पलीकडच्यानं उचलला का, ठेवला का. याला आम्ही सिग्नलिंग म्हणायचो.”

मला पटलं. आपल्याकडे हाक मारायलाही रीत लागते. सासूबाई पातेल्यावर उलथनं वाजवतात तेव्हा एकदा म्हणजे चहा, दोनदा म्हणजे पाहुणे. मी हे सांगितल्यावर आक्का खूश झाल्या. अमेरिकेत शेतकऱ्यांनी अगदी हेच केलं होतं म्हणाल्या. तिथल्या गुरांच्या कुरणांना मैलोगणती काटेरी तारेची कुंपणं होती. टेलिफोन कंपन्या खेड्यात येईनात, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लोकांनी त्या कुंपणाच्या तारेलाच फोन जोडले. दहा घरं, एक तार. मग कुणाचा फोन हे कळणार कसं? दोन लांब एक आखूड घंटी म्हणजे अमक्याचं घर, तीन आखूड म्हणजे तमक्याचं. घंटी सगळीकडेच वाजायची.

“आणि फोन सगळेच उचलायचे,” नाना म्हणाले.

“उचलायचेच. पण तिथं त्याचा कुणी पंचेचाळीस वर्षं राग धरला नाही.”

हिंदुस्थानात टेलिफोन काही फार उशिरा आला नाही. 1881 साली ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि 1882 साली मुंबई, कलकत्ता, मद्रास इथं एक्स्चेंजं उघडली. पण ते गावातल्या गावात बोलणं. लांब पल्ल्याचं दुखणं वेगळं होतं. आक्कांच्या तरुणपणी लहान गावांत अजून मॅग्नेटोचे फोन होते. फोनच्या अंगाला हँडल. ते गरगर फिरवलं की आतल्या जनित्रातून सेकंदाला वीसेक हेलकाव्यांची वीज निघायची आणि बोर्डावर तुमच्या नंबरचं शटर खट्कन खाली पडायचं. शटर पडलं की ऑपरेटरनं कॉर्डचा प्लग त्या जॅकमध्ये घालायचा आणि ‘नंबर’ म्हणून विचारायचं.

“नानांचा ट्रंक लागायचा,” आक्का सांगू लागल्या, “तर मी आधी टिकट लिहायची. कुठून, कुठं, ऑर्डिनरी की अर्जंट की सगळ्यात तातडीचा लायटनिंग, पीपी असेल तर माणसाचं नाव. मग वरच्या मोठ्या बोर्डाला घंटी. तिथली बाई नाशिकला, नाशिकची मुंबईला, मुंबईची त्या पेढीला. प्रत्येक टप्प्याला एक बाई, एक प्लग, एक हाक. एक टप्पा जरी अडला तरी नाना पेढीवर बसून शिव्या देतायत.”

“तीन-तीन तास बसायचो.”

“अमेरिकेला नावं ठेवू नका मग. 1915 च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला पहिला फोन अधिकृतपणे लागला तेव्हा असाच हातोहात लावायचा कारभार होता. एक कॉल जोडायला पाच ऑपरेटर आणि तेवीस मिनिटं. तीन मिनिटांचे वीस डॉलर सत्तर सेंट.”

“म्हणजे चार-पाच बायका मध्ये,” नानांनी मुद्दा सोडला नाही. “त्यातल्या एकीनं फोडला.”

“तुमच्यासारखाच एक संशयी तिकडंही होता,” आक्का म्हणाल्या. “त्याचं नाव आल्मन स्ट्रोजर. धंदा अंत्यविधीचं सामान पुरवायचा.”

ही गोष्ट टेलिफोनच्या जगात घरोघरी सांगतात. कॅन्सस सिटीच्या या स्ट्रोजरला वाटायचं, की गावात माणूस गेला की लोक फोन आपल्यालाच करतात, पण बोर्डावरची बाई तो दुसऱ्याच दुकानाला जोडते. म्हणे ती त्या दुसऱ्या दुकानदाराची बायको होती. खरंखोटं ते जाणोत. पण त्या रागातून त्यानं ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज बनवलं. 1891 साली पेटंट मिळालं आणि 1892 मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात ते चालूही झालं. आपल्याकडे सिमल्याला पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर असं आपोआप चालणारं एक्स्चेंज बसलं. पुढं बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे 1948 नंतर, स्ट्रोजरची यंत्रं इथंच तयार होऊ लागली.

“डायलचा फोन आठवतो ना?” आक्कांनी चिरंजीवांना विचारलं. त्यांना कुठून आठवणार? “सातच्या भोकात बोट घालून फिरवायचं नि सोडायचं. डायल मागं येताना करकर करत यायची. त्या करकरीत लाइनची वीज सात वेळा तुटायची, सेकंदाला दहाच्या चालीनं. एक्स्चेंजातला हात सात पायऱ्या वर चढायचा. पुढचा आकडा तीन असला तर तीन घरं बाजूला. बाई नको, नंबर नको विचारायला, काही नको.”

“मग तुम्हाला कशाला ठेवलं सरकारनं?” नाना.

“कारण तुम्ही मुंबईशी बोलायचात!” आक्कांचा आवाज चढला. “हे तोडणं-जोडणं गावातल्या गावात चालतं. शंभर मैलांवर ते पोचत नाही. आणि घंटीही पोचत नाही. का ते ऐका.”

इथून आक्का रंगात आल्या. मीही सुरी खाली ठेवली. सांगण्याचा सारांश असा. तार जितकी लांब, तितका आवाज क्षीण. नुसत्या तांब्याच्या तारेवर काही शे मैल गेलं की समोरच्याचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं येतं. म्हणून वाटेत जागोजागी आवाज वाढवणारी यंत्रं बसवली, रिपीटर. 1915 चा तो अमेरिकेतला फोन निर्वात नळ्यांच्या रिपीटरमुळेच शक्य झाला. पुढं एकाच तारांच्या जोडीवर अनेक बोलणी एकावर एक रचून पाठवायची युक्ती निघाली, तिला कॅरिअर म्हणतात. पण या यंत्रांचा मामला गाळणीसारखा. माणसाच्या बोलण्याला लागतात तेवढेच स्वर ती पुढं जाऊ देतात, सेकंदाला साधारण तीनशेपासून चौतीसशे कंपनांपर्यंतचे. हँडलची घंटी वीस कंपनांची. ती गाळणीतच अडकायची. बोलणं मुंबईला जातंय, हाक मात्र वाटेत मरतेय!

“मग केलं काय?” चिरंजीव.

“घंटीला आवाजाचे कपडे घातले. सेकंदाला पाचशे कंपनांचा एक सूर घेतला आणि तो वीस वेळा तोडत पाठवला. पाचशे म्हणजे बोलण्याच्या पट्ट्यातला सूर, गाळणी त्याला सोडते. पलीकडचं यंत्र तो ओळखून खरी घंटी वाजवतं. युरोपात हे पाचशेवर चाललं, अमेरिकेत हजारावर.”

डायलच्या तोडण्या-जोडण्याचंही तसंच केलं. इंग्लंडमध्ये सहाशे आणि साडेसातशे कंपनांचे दोन सूर ठरवले. त्यांच्या भाषेत आकडे जाऊ लागले, तेव्हा लंडनच्या ऑपरेटरला दूरच्या गावातल्या ऑपरेटरची मिनतवारी करायची गरज उरली नाही. तिनं इथं फिरवलं की तिथं यंत्र हलायचं.

“पण आता एक घोटाळा झाला बघ,” आक्का माझ्याकडे वळल्या. “हाक आणि बोलणं एकाच वाटेनं जायला लागलं. हाकेचा सूर नि माणसाचा सूर यात फरक कुणी करायचा? एखादी बाई किनऱ्या आवाजात हसली, की यंत्राला वाटायचं सिग्नल आला. फोन तुटला! मग यंत्राला राखण बसवावी लागली. नुसता तोच एक सूर आला तर सिग्नल समज, सोबत दुसरे सूर असले तर माणूस बोलतोय समज. कारण माणूस कधी एकाच सुरात बोलत नाही.”

“काही बोलतात,” मी नानांकडे न बघता म्हणाले.

अमेरिकेनं 1940 नंतरच्या दशकात यावर आणखी शिताफीची तोड काढली, आणि ती आक्कांनी समजावली ती नानांच्याच धंद्यातून. बाजार समिती इथं 1947 साली आली. त्याआधी बाजारपेठांतून हत्ता पद्धत चालायची. अडत्यानं नि गिऱ्हाइकानं रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. शेतकरी शेजारी उभा, पण त्याला पत्ता नाही. नानांनी ती पद्धत वडिलांकडून ऐकली होती, शिकलीही होती.

“दाखवा नाना,” आक्का म्हणाल्या आणि तारेवरचा टॉवेल ओढला. आक्कांचा हात धरायला नाना लाजले, म्हणून चिरंजीवांचा हात टॉवेलाखाली गेला.

“समज, पाच बोटं,” आक्कांनी सांगितलं. “अंगठ्याला किंमत शून्य, पुढच्याला एक, मधल्याला दोन, त्यापुढच्याला चार, करंगळीला सात. आता नेहमी दोनच बोटं दाबायची. तीन सांगायचे तर एक नि दोनचं बोट. सहा सांगायचे तर दोन नि चार. नऊ?”

“दोन नि सात!” चिरंजीवांनी करंगळी हलवली.

“शाब्बास. आठ म्हणजे एक नि सात. आणि शून्य सांगायला चार नि सातचं बोट. अमेरिकेच्या ट्रंकवर अगदी हेच, फक्त बोटांऐवजी सूर. सातशे, नऊशे, अकराशे, तेराशे, पंधराशे. सहावा सतराशेचा, तो ‘आकडे येतायत’ आणि ‘आकडे संपले’ हे सांगायला. दर आकड्याला दोन सूर एकदम. एकच आला किंवा तीन आले तर यंत्र म्हणणार, चूक झाली. माणसाच्या तोंडून नेमके हे दोन सूर एकदम यायचे नाहीत. आणि वेग बघ. डायलला शून्य पाठवायला पुरा सेकंद लागायचा, हे सेकंदात सहा-सात आकडे पाठवायचं.”

नाना टॉवेलाखाली अजून हिशेब करत होते. “हे बरं आहे,” ते पुटपुटले. “चोरी पकडता येते.”

“चोरी झालीच पण!” आक्कांनी टाळी वाजवली. “ती गंमत राहिलीच.”

ती गंमत अशी. आकड्यांचे सूर जोडीचे होते, पण ट्रंक मोकळी आहे हे सांगायला अमेरिकेत एकटाच सूर वापरायचे, 2600 कंपनांचा. लाइन रिकामी असली की तो चालू, कुणी घेतली की बंद. या सगळ्या सुरांची माहिती बेल कंपनीनं स्वतःच्याच तांत्रिक नियतकालिकात 1954 आणि 1960 साली छापून टाकली होती. इंजिनिअरांनी वाचावी म्हणून. ती पोरांनीही वाचली. जो एंग्रेसिया नावाच्या एका जन्मांध मुलाला तर वाचायचीही गरज पडली नाही. त्याचा कान असा तयार, की तोंडानं शिट्टी घालून तो तेच 2600 काढायचा. कॅप्टन क्रंच नावाच्या न्याहारीच्या खोक्यात पोरांना खेळायला फुकट मिळणारी एक प्लास्टिकची शिट्टीही नेमकी त्याच सुरात वाजायची.

युक्ती साधी होती. ज्याचे पैसे पडत नाहीत अशा लांबच्या नंबरला फोन लावायचा. मध्येच 2600 ची शिट्टी मारायची. पलीकडच्या यंत्राला वाटतं, माणसानं फोन ठेवला. शिट्टी थांबली की त्याला वाटतं, नवा कॉल आला, बोला. मग खिशातल्या डब्यातून जोडसुरांचे आकडे वाजवायचे आणि जगात कुठंही बोलायचं. घरच्या एक्स्चेंजच्या लेखी मात्र अजून तोच फुकटचा कॉल चालू. या डब्याला ‘ब्लू बॉक्स’ म्हणत. 1971 च्या ऑक्टोबरात एस्क्वायर मासिकात त्याच्यावर मोठा लेख आला. तो वाचून दोघा पोरांनी असे डबे करून विकले. त्यांची नावं स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज. ॲपल कंपनी त्यानंतरची.

“म्हणजे आयफोनच्या मुळाशी चोरीचा ट्रंक कॉल?” चिरंजीव एकदम सरळ बसले. अभ्यासाच्या पुस्तकात त्यांना इतका रस मी कधी पाहिलेला नाही.

“मुळाशी एक चूक आहे,” आक्का म्हणाल्या. “ज्या वाटेनं गिऱ्हाईक बोलतं, त्याच वाटेनं कारभाऱ्यानं हुकूम सोडायचे, ही ती चूक. मग गिऱ्हाईकही हुकूम सोडायला शिकतं.”

आपल्याकडे थोडी निराळी चाल होती, हेही आक्कांनी सांगितलं. नव्या पद्धतीच्या एक्स्चेंजांमध्ये आकडे पाठवायला युरोपातली आर-टू नावाची रीत आली. तिची खुबी अशी, की एक आकडा पाठवला की पलीकडून ‘मिळाला, पुढचा दे’ असा उलट सूर येईपर्यंत पाठवणारा तो सूर धरूनच ठेवतो. उत्तर आलं की सोडतो, मग पुढचा. कुंपणावरच्या गप्पांत आपण ‘हं’ म्हणतो ना, तसं. ‘हं’ आला नाही तर सांगणारा पुढं सरकत नाही. आक्का हे सांगत असताना मी ‘हं’ म्हणायची राहिले, तर त्या खरंच थांबल्या.

गिऱ्हाइकानं स्वतः लांबचा नंबर फिरवायचा, याची सुरुवात अमेरिकेत 10 नोव्हेंबर 1951 ला झाली. एंगलवूडच्या महापौरांनी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या अलामेडाच्या महापौरांना थेट फोन लावला. अठरा सेकंदांत लागला. तेवीस मिनिटांवरून अठरा सेकंद! इंग्लंडमध्ये 5 डिसेंबर 1958 ला राणीनं ब्रिस्टलहून एडिंबराला नंबर फिरवला. आणि आपल्याकडे अवघ्या दोनच वर्षांनी, 25 नोव्हेंबर 1960 ला, कानपूर ते लखनौ पहिली एसटीडी सुरू झाली. मान दिल्ली-मुंबईला नाही मिळाला, गिरण्या-कारखान्यांच्या कानपूरला मिळाला.

“आमच्यापर्यंत यायला त्याला दुसरा जन्म लागला,” नाना म्हणाले.

जन्म नाही, पण बराच काळ लागला हे खरं. खेडोपाडी खरा फरक पडला तो 1984 साली सी-डॉट ही संस्था निघाली त्यानंतर. पुढाकार सॅम पित्रोदांचा. परदेशी यंत्रांना थंड खोली लागायची. सी-डॉटनं आपल्या उन्हात, धुळीत, एसीशिवाय चालेल असं लहान एक्स्चेंज तयार केलं. पुढं चौकाचौकांत पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, तेव्हा जेवून-खाऊन माणसं रांगेला. काचेच्या खोलीत लाल आकडे पळायचे आणि बोलणाऱ्याचं लक्ष बोलण्यापेक्षा आकड्यांवर. आपल्या भागाचा कोड 02550. तो पाठ झाला आणि आक्कांच्या बोर्डाचं काम संपत आलं.

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“कॉर्ड ओढून ओढून खांदा गेला होता गं. वाईट कसलं? फक्त एक झालं, रात्री-अपरात्री कुणाच्या घरी काय झालंय हे आधी आम्हाला कळायचं. लायटनिंग कॉल आला की टिकट लिहिताना हात हळू चालायचा. ते यंत्राला नाही कळत.”

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. रेल्वे स्टेशनावरून मनमाडच्या दिशेनं जाणारी गाडी शिट्टी देत गेली.

“मग ती शिट्टीवाली चोरी थांबली कशी?” चिरंजीवांना तेच हवं होतं.

“वाट वेगळी केली. अमेरिकेनं 1976 पासून हाकेसाठी स्वतंत्र लाइन टाकली. बोलणं एका वाटेनं, हुकूम दुसऱ्या वाटेनं. यंत्रं आपसांत त्या दुसऱ्या वाटेवर ठरवतात : अमका बोलवतोय, तमका मोकळा आहे का, घंटी वाजव, उचलला, ठेवला, बिल कर. सगळ्या जगासाठी त्याची रीत 1980 मध्ये पक्की झाली. नंबर सात म्हणतात तिला. आता बोलण्याच्या वाटेवर किती का शिट्ट्या माराना. ऐकणारं तिथं कुणी नाही.”

दोन वाटांची ही अक्कल आपल्याकडे बिनतारीवाल्यांना आधीपासून होती, असंही आक्का म्हणाल्या. 1927 साली विलायतेशी बिनतारी संदेशाची सोय झाली, तेव्हा पाठवायचं केंद्र खडकीला होतं आणि घ्यायचं दौंडला. आपलाच आरडाओरडा जवळ असला तर दुरून आलेली कुजबूज ऐकू येत नाही, म्हणून.

आणि नंबर सातच्या त्या दुसऱ्या वाटेवर बोलण्याच्या मानानं गर्दी कमी. तिथून चार अक्षरं पाठवायची कल्पना निघाली, तोच आपला एसएमएस. 160 अक्षरांची मर्यादा त्यातूनच आली. आणि आपल्या लोकांनी तर त्याच्याही पुढची मजल मारली. आपण मिस्ड कॉलवर भागवलं! दोनदा वाजवून ठेव म्हणजे पोचलो, एकदा म्हणजे खाली ये. बोलणं शून्य, पैसे शून्य, नुसती हाक. कुंपणाच्या तारेवर दोन लांब एक आखूड वाजवणाऱ्या त्या शेतकऱ्यांनीही पाठ थोपटली असती.

“सगळं पटलं,” नाना टॉवेलाची घडी घालत म्हणाले. “पण आमचा कॉल काही शिट्टीचा नव्हता. मध्ये चार बायका होत्या. रेट फुटला तो फुटलाच.”

आक्कांनी इन्शुलेटर खांबावर ठेवला आणि कमरेवर हात ठेवले. आता काहीतरी होणार, म्हणून मी टोपलं मागं घेतलं. तेवढ्यात चाळीच्या सावलीतून आमच्या सासूबाई बोलल्या. कमी ऐकू येणाऱ्या.

“अवो नाना, तुम्ही फोनवर बोलायचा का दवंडी द्यायचा?”

नाना वळले.

“लाइन बारीक आहे, बारीक आहे म्हणत बेंबीच्या देठापासून ओरडायचा. पेढीची खिडकी गल्लीकडं. त्या दिवशी हे जेवायला बसले होते. तुमचा भाव ऐकला नि अर्ध्या ताटावरून उठले. तसेच गेले, वाटेत दोघातिघांना सांगत. सकाळी आमच्या चाळीतला माल चढ्या भावानं गेला. त्यातून तर हा मागचा गोठा बांधला.”

मला लग्न होऊन वीस वर्षं झाली. गोठ्याचा इतिहास मला आज कळला. नानांचं तोंड इन्शुलेटरसारखं पांढरं झालं. आक्का मात्र हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “बारीक होतीच लाइन. वाटेत रिपीटर कमी, तारा जुन्या. सगळेच ओरडायचे. आम्ही कानावरचा हेडफोन बाजूला करायचो.”

म्हणजे ज्या दोषापायी जगातल्या इंजिनिअरांनी रिपीटर बसवले, त्या रिपीटरमुळे घंटी अडकली, घंटीला सूर मिळाला, सुरावर शिट्टी आली आणि शिट्टीपायी हाकेची वाट वेगळी करावी लागली, त्याच दोषानं आमचा गोठा बांधला गेला. तारेतून रेट फुटलाच नव्हता. खिडकीतून फुटला होता. स्ट्रोजरच्या गावात बोर्डावरच्या बाईनं काय केलं असेल ते असो, लासलगावच्या बाईवर पंचेचाळीस वर्षं फुकटचा आळ होता.

दुसऱ्या दिवशी नानांनी आक्कांकडे अर्धी गोणी उन्हाळ कांदा पाठवला. सोबत निरोप नाही, काही नाही. फक्त गोणी दाराशी टेकल्यावर आक्कांचा मोबाइल एकदा वाजून बंद झाला. आक्कांनी नंबर बघितला, पण उलट फोन केला नाही. त्यांनी कांदा निवडून घेतला. इन्शुलेटर आता आमच्या कुंपणाच्या मधल्या खांबावर पक्का बसवला आहे आणि टॉवेलाची तार त्याच्यावरून गेली आहे.